नागपूरच्या जुन्या घरातला डक्ट कूलर: दुरुस्त करावा की काढून एसी लावावेत?

तुमचा प्रश्न असा की, गच्चीवरचा वीस वर्षं जुना डक्ट कूलर (पत्र्याच्या मार्गातून, म्हणजे डक्टमधून, खोल्यांत गार हवा सोडणारा) मे महिन्यात खालच्या खोल्या गार करत नाही, तर तो भंगारात देऊन चार एसी घ्यावेत का? माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. आधी कूलर नीट करा. एसी लागलाच तर झोपायच्या एका खोलीत, तोही पावसाळ्यासाठी.

आपल्याकडे भर मे महिन्यात पारा 44 वर आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली की धड ताट्यांमधून (कूलरच्या बाजूंना असलेल्या, घास भरलेल्या ओल्या जाळ्यांमधून) आलेली हवा 27-28 अंशांपर्यंत उतरते. घरभर ताजी हवा खेळवून एवढा गारवा देणारं स्वस्त यंत्र दुसरं नाही. जुलैत मात्र हवाच दमट असते, पाणी उडत नाही आणि अंग चिकचिकतं. तेव्हा कूलरकडून अपेक्षाच ठेवू नका.

आता दोष शोधा. कूलर चालू असताना गच्चीवर जा आणि ताटीची वरची कड बघा. आतला घास भिजून भिजून खाली बसतो आणि वर दोन-तीन बोटांची फट पडते. पंखा आधी तिथूनच हवा ओढतो, म्हणजे बाहेरची झळ जशीच्या तशी डक्टमध्ये. मग डक्टच्या प्रत्येक सांध्यावरून हात फिरवा. गार झुळूक लागली की समजा, तिथून हवा वाया जाते आहे. सांधे बंद करून घ्या आणि उन्हातल्या उघड्या पत्र्याला इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर गार झालेली हवा वाटेतच तापते.

घासाऐवजी हनीकोम्ब पॅड (मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेले कागदी पॅड) बसवायचे तर निदान चार इंच जाडीचे घ्या. बोअरचं पाणी असेल तर रोज टाकीतलं थोडं पाणी सोडून द्या. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पॅडवर पांढरा थर धरतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

आणि खिडक्या! एसीच्या सवयीने लोक सगळं बंद करून बसतात. आतली हवा बाहेर गेल्याशिवाय नवी आत येणार कशी? प्रत्येक खोलीत डक्टच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी हवीच.

मोटर, पट्टा, पंप हे मिस्त्री बघेल. फक्त काम फेब्रुवारीत काढा, एप्रिलमध्ये कोणी हाती लागत नाही.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नका. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंसुद्धा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा, आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय घरातल्या कोणालाही टाकीला हात लावू देऊ नका.