गोलसमोर उभं राहायचं तर : आइस हॉकीच्या गोलकीपरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत आइस हॉकीच्या गोलकीपरबद्दल बरीच विचारणा होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलगा १४ वर्षांचा आहे, शाळेच्या संघात विकेटकीपर. हात फार चपळ आहेत. मोबाइलवर सामने बघून आता आइस हॉकीचा गोलकीपर व्हायचं म्हणतो. चपळाईवर हे जमेल का? (अमळनेर)

विकेटकीपिंगचा उपयोग होईल, पण त्यातल्या पायांच्या कामाचा, हातांचा त्या मानाने कमी. हिशेबच बघा. पक म्हणजे ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची टणक रबरी चकती, वजन १५६ ते १७० ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. ताशी १५० किलोमीटर वेगाचा पक सेकंदाला जवळपास ४२ मीटर जातो. फटका १० मीटरवरून आला तर गोलकीपरला पाव सेकंदही मिळत नाही, आणि डोळ्याने पाहून हात हलायला लागेपर्यंतच साधारण ०.२ सेकंद गेलेले असतात. त्यामुळे वरच्या पातळीवरचा गोलकीपर पकच्या मागे हात नेत नाही. फटका बसण्याआधीच तो अशा जागी पोचलेला असतो की पक त्याच्या अंगावर यावा.

गोल १८३ सेंटिमीटर रुंद आणि १२२ सेंटिमीटर उंच असतो. खेळाडू समोर १० मीटरवर आहे आणि गोलकीपर रेषेवरच थांबला, तर पूर्ण १८३ सेंटिमीटर झाकावे लागतात. तो दीड मीटर पुढे आला की तेच काम सुमारे १५६ सेंटिमीटरवर येतं. खेळाडू ६ मीटरवर असेल तर दीड मीटर पुढे येऊन १३७ सेंटिमीटर पुरतात. मग सतत पुढेच का उभं राहू नये? कारण त्या खेळाडूने पलीकडच्या साथीदाराला पास दिला, की परत सरकायचं अंतर वाढलेलं असतं आणि अर्धा गोल उघडा पडतो. पास देण्यासारखा कोणी मोकळा असेल तर आत राहायचं, नसेल तर बाहेर यायचं. हा निर्णय सामन्यात सतत घ्यावा लागतो आणि बरेच गोल हाच निर्णय चुकल्याने होतात.

याचा सराव अमळनेरच्या मैदानातही करता येईल. ६ फूट अंतरावर दोन खुंट ठोका. प्रत्येकाला जमिनीलगत १२ मीटर सुतळी बांधा आणि दोन्हींची मोकळी टोकं एकत्र करून एकाने पकच्या जागी धरून बसावं. तयार झालेल्या त्रिकोणात मुलाने पवित्रा घेऊन उभं राहायचं. दोन्ही सुतळ्या अंगापासून सारख्या अंतरावर असतील तर जागा बरोबर. सुतळी धरणाऱ्याने अर्धवर्तुळात जागा बदलत राहायचं, मुलाने आखूड पावलांनी सरकून पुन्हा मधोमध यायचं. यात दोन चुका हटकून होतात. एक, खांदे वळतात पण पाय तिथेच राहतात, त्यामुळे जवळच्या खांबाकडची फट उघडी राहते. दुसरी, मुलं खेळाडूच्या छातीसमोर उभी राहतात. काठीचं पातं त्याच्या अंगापासून मीटरभर बाजूला असतं आणि पक तिथून निघणार असतो, म्हणून नजर आणि पोट पकसमोर हवं.

मुलगी ११ वर्षांची, रोलर स्केटिंगच्या वर्गाला जाते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर. बर्फाचा खेळ इथून शिकायचा कसा? (भुसावळ)

इनलाइन स्केटपासून सुरुवात करा. दोन-दोन चाकांच्या जोड्या असलेल्या स्केटवर जी रोलर हॉकी खेळतात ती चेंडूने आणि बाकदार आखूड काठीने खेळायची असते. तिथला गोलकीपरचा पवित्राही निराळा. एका ओळीतल्या चाकांची इनलाइन हॉकी पकने खेळतात, चार खेळाडू आणि गोलकीपर, आणि गोलकीपरचं साहित्य आइस हॉकीसारखंच असतं. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धांत हे दोन्ही खेळ आहेत, म्हणून नाव नोंदवताना कोणता खेळ ते नीट विचारा.

एक गोष्ट मात्र चाकांवर येत नाही, ती म्हणजे आडवं घसरणं. बर्फावर गोलकीपर गुडघे टेकून एका पायाच्या पात्याने रेटा देतो आणि या खांबाकडून त्या खांबाकडे सरकत जातो. चाकं आडवी घसरत नाहीत, त्यामुळे चाकांवर तयार झालेली मुलं बर्फावर सुरुवातीला उभ्या उभ्याच अडवू बघतात. बर्फाचे दिवस आधीच ठरवा आणि ते फक्त या कामासाठी ठेवा : पात्याने रेटा, आडवं थांबणं, गुडघ्यांवरून सरकणं, उठताना पकच्या बाजूच्या विरुद्ध पायावर उठणं. झेल आणि काठीचं काम घरीही होतं, त्यावर महागडा बर्फ खर्चू नका.

बर्फ गुरुग्रामच्या मॉलमधल्या छोट्या रिंकवर आहे, देहरादूनला मोठी रिंक आहे आणि लेहला नैसर्गिक बर्फ साधारण डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मिळतो. लेहच्या एनडीएस स्टेडियमवर आता कृत्रिम बर्फाचीही सोय आहे. आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. मुलींसाठी खरी उमेद आहे : भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. संघात बहुतेक मुली लडाखच्या आहेत, कारण बर्फ त्यांच्या दाराशी आहे. खान्देशातल्या मुलीला तो प्रवास करून मिळवावा लागेल.

उंची ५ फूट ८ इंच आहे. गोलकीपर होण्याचा नाद सोडावा का? (चोपडा)

भारतात खेळायचं असेल तर मुळीच नाही. अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मात्र आजचे गोलकीपर साधारण १९० सेंटिमीटरच्या घरातले असतात. फिनलंडचा युसे सारोस सुमारे १८० सेंटिमीटरचा असून या लीगमध्ये आपल्या संघाचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर आहे. पण त्यासाठी त्याला इतरांपेक्षा थोडं पुढे उभं राहावं लागतं आणि गुडघे उशिरा टेकावे लागतात. कमी उंचीच्या गोलकीपरने लवकर गुडघे टेकले की आडव्या दांड्याखालची जागा आयती मिळते.

वापरलेला पूर्ण संच विकत मिळतोय. काय बघून घ्यावा? आणि उन्हाळ्यात तो टिकतो का? (शिरपूर)

पूर्ण संच १८ ते २० किलोच्या पुढे जातो, म्हणून आधी मापाचा असल्याची खात्री करा. पायाच्या पॅडची गुडघ्याची गादी बरोबर गुडघ्यासमोर यायला हवी, त्यासाठी घोट्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचं माप घ्या. पॅड लांब असेल तर गुडघे टेकल्यावर तो फिरून वर उलटतो आणि दोन पायांमधून गोल होतो. रुंदी मोजा : नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ११ इंच. २००५ च्या आधीचे काही पॅड १२ इंची आहेत, ते सामन्यात चालणार नाहीत. आतली गुडघ्याची गादी बसलेली असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीत धरा. छातीच्या कवचावर अंगठा दाबा. फोम परत वर येत नसेल तर सोडून द्या.

मास्क, गळ्याचं संरक्षण आणि जांघेचा कप नवाच घ्या. मास्क वापरलेला घ्यायचाच असेल तर अस्तर काढून स्क्रूंच्या भोवती केसाएवढ्या भेगा आहेत का ते उजेडात बघा. जाळीची एक सळई जरी वाकलेली असली तरी नको. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पक तोंडावर बसल्यावर माँट्रियलचा गोलकीपर जॅक प्लांट टाके घालून मास्क लावूनच परत मैदानात उतरला, तेव्हापासून मास्क रूढ होत गेला. मानेचं संरक्षण तर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत सगळ्याच खेळाडूंना सक्तीचं केलं आहे. इथे पैसे वाचवू नका.

काठी बघताना पवित्रा घेऊन पातं जमिनीवर टेकवा. खालचा रुंद भाग लांब असेल तर उजवा खांदा वर उचलला जातो आणि पात्याचं टोक जमिनीवरून सुटतं, त्याखालून पक जातो. स्केटची धार लावताना मधली खाच फार खोल करू नका. रेटा चांगला मिळतो, पण आखूड पावलांनी सरकताना पातं अडकतं.

साहित्य घालायचा क्रम : कप, गुडघ्याचे गार्ड, पँट, स्केट, पायाचे पॅड, छातीचं कवच, जर्सी, मास्क, शेवटी हातमोजे. छातीचं कवच आधी घातलं तर खाली वाकून पट्टे आवळता येत नाहीत.

आता ऊन. घामाने भिजलेला संच गच्चीवर वाळवायचा मोह होतो, तो टाळा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन फोम आणि चामडं कडक करतं, मास्कचा रंग आणि अस्तर सुटतं. सावलीत, पंख्याखाली, सगळे पट्टे सोडून पसरा. पिशवीत ओला संच रात्रभर राहिला तर वास आणि बुरशी जात नाही. सराव सकाळी ७ च्या आत संपवा. आधी आणि नंतर वजन करा, कमी झालेल्या दर किलोमागे साधारण दीड लिटर पाणी थोडं थोडं करून, मिठासह प्या.

गुडघे टेकून पाय बाहेर पसरण्याचा सराव करतोय. जांघेत पुढच्या बाजूने दुखतं. ताण दिला की बरं होईल का? वय १७. (नंदुरबार)

ताण देणं आजच बंद करा. या स्थितीला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. नॅशनल हॉकी लीगच्या गोलकीपरांपैकी ग्लेन हॉलने ती आधी वापरली आणि पॅट्रिक रुआच्या यशानंतर ती सगळीकडे पसरली. यात मांडी आतल्या बाजूला फिरते आणि खुब्याच्या वाटीच्या कडेवर हाड घासलं जाऊ शकतं. गोलकीपरांमध्ये हा त्रास नेहमीचा आहे. दुखणं पुढून, खोलवर आणि बसल्यावर वाढणारं असेल तर ते स्नायूचं नसण्याचीच शक्यता जास्त. ओढून-ताणून ते वाढतं.

घरी एवढं तपासा : टेबलावर पाय लोंबते सोडून बसा, मांडी न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल किंवा दुखलं तर हाडांच्या डॉक्टरला किंवा खेळाडूंच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. पाय किती पसरतील हे बऱ्याच अंशी हाडांच्या ठेवणीवर ठरतं. थोडं कमी पसरूनही उत्तम गोलकीपिंग होतं. सिमेंटवर गुडघे आपटून सराव करू नका, खाली जाड गादी घ्या. त्याऐवजी नितंब आणि मांडीच्या आतले स्नायू बळकट करा, कारण पाय एकत्र ओढून फट मिटवण्याचं काम तेच करतात.

नॅशनल हॉकी लीगमधल्या गोलकीपरचं करिअर कसं घडतं? पैसे किती? (जळगाव)

संघ ३२, प्रत्येकाकडे दोन गोलकीपर, म्हणजे जागा ६४ च्या आसपास. त्यातही खेळतो एकच, दुसरा बाकावर. कॅनडात मुलगा १६ ते २० व्या वर्षांत ज्युनिअर लीग खेळतो, लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीत (ड्राफ्ट) साधारण १८ व्या वर्षी त्याचा नंबर लागू शकतो, मग बहुतेकांची काही वर्षं अमेरिकन हॉकी लीग किंवा त्याखालच्या ईसीएचएलमध्ये जातात. युरोपातले गोलकीपर आपापल्या देशाच्या लीगमध्ये तयार होऊन येतात.

गोलकीपर उशिरा पिकतो, हे पालकांनी लक्षात ठेवावं. २००० च्या निवडीत पहिलं नाव रिक डिपिएत्रोचं होतं, त्याला दुखापतींनी गाठलं. त्याच वर्षी २०५ व्या क्रमांकावर घेतलेल्या हेन्रिक लुंडक्विस्टने पुढे ४५९ सामने जिंकले. डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९ वा होता. तो १९९७ आणि १९९८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, नागानो ऑलिम्पिकचं सुवर्णही त्याच १९९८ चं. टिम थॉमस फिनलंड-स्वीडनमध्ये वर्षं काढून आला आणि ३७ व्या वर्षी, २०११ मध्ये, बोस्टनला लीगचं अजिंक्यपद म्हणजे स्टॅनली कप मिळवून देताना अंतिम फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्टिन ब्रोडरचे ६९१ विजय आणि एकही गोल न खाल्लेले १२५ सामने हे विक्रम मात्र जवळजवळ पूर्णपणे एकाच संघाच्या गोलसमोर वर्षानुवर्षं उभं राहून झालेले आहेत.

पैसे : २०२५-२६ च्या हंगामात लीगचं किमान वार्षिक मानधन ७,७५,००० डॉलर आहे. वरच्या टोकाला कॅरी प्राइसचा करार वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलरचा होता. मधल्यांचे करार बरेचदा दुहेरी असतात. वरच्या लीगमध्ये खेळलं तेवढ्या दिवसांचा एक दर, खालच्या लीगमध्ये पाठवलं की त्याहून पुष्कळ कमी दर. करारातली ही ओळ आधी वाचायची. महिलांसाठी जानेवारी २०२४ पासून प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग सुरू आहे. भारतात आज गोलकीपरला वर्षभर पोसेल अशी लीग नाही, त्यामुळे शिक्षण सोडू नका.

भाऊ सैन्यात आहे, पोस्टिंग लेहला. तिथे त्याला खेळता येईल? (चाळीसगाव)

सैन्याचे आणि आयटीबीपीचे संघ तिथल्या स्पर्धांत खेळतात, आणि नोकरी सांभाळून खेळण्याचा भारतातला हाच सर्वांत भक्कम मार्ग आहे. युनिटच्या क्रीडा अधिकाऱ्याकडे चौकशी करायला सांगा. पहिले काही दिवस उंचीची सवय होईपर्यंत धावपळ नको. गोलकीपरचं साहित्य संघाचं असतं का, हेही विचारून घ्यायला सांगा.

सामन्यात .९०० असा आकडा दाखवतात, तो कसा काढतात? (पाचोरा)

गोलच्या दिशेने आलेले फटके मोजायचे, खांबाला लागून बाहेर गेलेले धरायचे नाहीत. ३० फटक्यांत ३ गोल झाले तर अडवलेले २७. २७ भागिले ३० म्हणजे.९००. गोलची सरासरी वेगळी : झालेले गोल गुणिले ६०, भागिले खेळलेली मिनिटं. ९० मिनिटांत ४ गोल झाले तर २.६७. शेवटच्या मिनिटांत गोलकीपरला बाहेर काढून जास्तीचा खेळाडू उतरवला आणि रिकाम्या गोलात पक गेला, तर तो गोल त्याच्या नावावर लागत नाही.