मालिकेतलं जोडपं एकमेकांना सरळ विचारून मोकळं का होत नाही?

तुमचा प्रश्न असा की, नायिकेने नवऱ्याला दुसऱ्या बाईबरोबर हॉटेलात बघितलं, तीन महिने झाले तरी ती त्याला एका शब्दाने विचारत नाही. खऱ्या आयुष्यात इतकं कुणी गप्प बसतं का, आणि लेखक लोक प्रेक्षकांना मूर्ख समजतात का? प्रश्नाचा हा शेवटचा भाग मनाला लागला, म्हणून लिहायला बसलो. पटकथा लिहिणं हाच माझा धंदा आहे. मूर्ख कुणी समजत नाही. आणि गप्प बसणाऱ्यांचं म्हणाल तर तुमच्या चाळीत, सोसायटीत वर्षानुवर्षं गप्प बसलेली जोडपी असतील, मोजून बघा. तुम्हाला तिचं गप्प बसणं खटकत नाहीये, त्या गप्प बसण्याला कारण दिलेलं नाही हे खटकतंय. ही चूक लेखकाची, मान्य. पण ती कुठे होते ते बघा.

आधी हिशेब. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं ऐवज असतो. आठवड्याला सहा भाग, म्हणजे १३२ मिनिटं. संशयाचा एक ट्रॅक, म्हणजे गोष्टीतला एक धागा, बारा आठवडे चालवायचा तर सव्वीस तासांहून जास्त मजकूर लागतो. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ एका रात्रीत आटपतं. त्याच्या आधीच्या गद्य रूपाचं नावच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ होतं; एक तसबीर चुकीच्या हातात पडली, की तेवढ्यावर अख्खं नाटक पळतं. सव्वीस तासांना एक तसबीर पुरत नाही. तरी आपण काय करतो, तसबिरीच्या जागी कानातलं ठेवतो, मग हॉटेलचं बिल, मग शर्टावरचा केस, मग अत्तराचा वास. वस्तू वाढवत गेलं की ट्रॅक लांबतो हा गैरसमज आहे. चौथ्या आठवड्यात प्रेक्षक तुमच्यासारखाच वैतागतो.

ट्रॅक लांबतो तो न विचारण्याच्या कारणावर. कागदावर पहिली ओळ हीच लिहायची: आत्ता हिने सरळ विचारलं तर हिचं स्वतःचं काय उघडं पडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तो ट्रॅक सुरूच करू नये. २०१४ साली आलेल्या ‘का रे दुरावा’ची कल्पना या बाबतीत फार पक्की होती. नवरा-बायको एकाच ऑफिसात, लग्न लपवून नोकरी करतात. दुसरी कुणी नवऱ्याच्या जवळ येतेय हे दिसत असून बायकोला ‘हा माझा नवरा आहे’ म्हणता येत नाही, कारण म्हटलं तर घर चालवणारी नोकरी जाते. तिथे फोन पाण्यात पाडायची गरज नाही, रेंज घालवायची गरज नाही. गप्प बसणं मूळ गोष्टीतच शिवलेलं आहे.

यावर या धंद्यात एक जुना वाद आहे, आणि माझी बाजू इथे मांडून ठेवतो. समोरचे म्हणतात, मत्सर दाखवायचा तर तिसरी बाई हवी, ती देखणी हवी, तिचे कपडे हवेत, प्रोमोत ती दिसली पाहिजे. माझं म्हणणं, तिसरं माणूस खुंटीसारखं असतं. वजन कोटाचं असतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. त्यातली शनाया रसिका सुनीलने सुरू केली, २०१८मध्ये ईशा केसकर आली, २०२०मध्ये पुन्हा रसिका. मालिकेतली ‘ती दुसरी’ दोनदा बदलली आणि मालिका पडली नाही. बायको, म्हणजे राधिका, बदलली असती तर? आणि नीट बघितलंत तर त्या त्रिकुटात सगळ्यांत असुरक्षित शनायाच होती. लग्नाची बायको लढू शकते, समाज तिच्या बाजूने उभा राहतो. शनायाकडे राधिकेच्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या शब्दापलीकडे काही नव्हतं, म्हणून ती सारखी पुरावे मागायची. मत्सराचं इंजिन तिथे होतं, आणि बरेच लोक अजून ते राधिकेच्या डोळ्यांतल्या पाण्यात शोधतात.

आता तिसरी बाई न घालता बारा आठवडे कसे भरायचे ते सांगतो, म्हणजे हवेत बोलतोय असं नको.

समजा डोंबिवलीतलं जोडपं. त्याचं स्टेशनजवळ झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. ती पतसंस्थेत कारकून होती, नुकतीच शाखाधिकारी झालीय. पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच: रात्री पावणेनऊला संस्थेचे एक संचालक तिला गाडीतून गेटपाशी सोडतात आणि तो गॅलरीतून बघतो. तो का विचारत नाही? कारण ‘तू या वेळी गॅलरीत कसा?’ हा प्रश्न उलटा येणार. दुकान पूर्वी साडेनऊपर्यंत उघडं असायचं. आता लोक पीडीएफ मोबाइलवर पाठवतात, सातनंतर कुत्रं फिरकत नाही. तो साडेसातला शटर ओढून घरी येतो, ती यायच्या सुमाराला मागच्या जिन्याने उतरतो आणि साडेनऊला ‘आत्ता आलो’ म्हणत वर येतो. हे सासूबाईंना ठाऊक आहे, त्या बोलत नाहीत. शिवाय दुकानाच्या थकलेल्या भाड्यासाठी त्याने मेव्हण्याकडून, म्हणजे तिच्याच भावाकडून, ३ लाख घेतलेत आणि ‘ताईला कळता कामा नये’ अशी शपथ घातलीय.

तिची बाजू. भावाने ताईला केव्हाच सांगितलंय. ती गुपचूप हप्ते फेडतेय, त्यासाठी वसुलीच्या फेऱ्या अंगावर घेते, म्हणून उशीर. ती का सांगत नाही? सांगितलं तर नवऱ्याला कळेल की तिला कळलंय. तो माणूस त्यातून उठणार नाही, हे ती ओळखून आहे.

दोघं सज्जन, दोघं गप्प, आणि दोघांची कारणं सरळ विचारण्यापेक्षा जड. गाडीतले संचालक साठीचे आहेत. बारा आठवड्यांत त्यांचे चार सीन. त्या नटाच्या तारखा नाही मिळाल्या तर शेअर रिक्षातला सहकारी घ्या, काही बिघडत नाही.

प्रेक्षकाला काय केव्हा कळतं यावर निम्मा खेळ आहे. नवऱ्याचं गुपित दुसऱ्या आठवड्यात उघडायचं, तिचं पाचव्यात. वाहिनीकडून हमखास सूचना येते की तिचं गुपित शेवटपर्यंत झाका, धक्का बसेल. धक्का एक भाग टिकतो. आधीच कळलेलं असलं की तो वाकडं बोलल्याबरोबर घरात बसलेली बाई ‘अरे मेल्या, ती तुझंच फेडतेय’ म्हणते, आणि ते आठव्या आठवड्यातल्या स्फोटापर्यंत टिकतं. झाकून ठेवलंत तर प्रेक्षकही नायिकेवर संशय घेतो. एकदा घेतला की नंतर तिची बाजू पटवायला दुप्पट सीन जातात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याने मोजायला लागायचं. असुरक्षित माणूस आरोप करत नाही, मोजतो. ‘आठ दहाची लोकल लेट होती का?’ ‘रिक्षाचे पैसे राहिलेत की पाकिटात.’ ‘ही साडी नवी?’ असंच. ‘तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला माफ. आज जो लिहितो त्याचं मानधन कापावं. इथे एक अडचण असते. कथा, वनलायनर (एकेका सीनची एका ओळीतली नोंद), पटकथा आणि संवाद ही कामं बहुतेक वेळा वेगवेगळे लोक करतात. पटकथेत ‘तो मिठावरून चिडतो’ असं लिहिलेलं असतं, संवादात ते ‘तुझं लक्ष हल्ली घरात नसतं’ होऊन येतं, आणि झाकलेली जखम सगळी उघडी. पटकथेतच कंसात लिहावं लागतं: गाडीचा उल्लेख करू नये.

सहाव्या-सातव्यात तो डबा द्यायच्या निमित्ताने पतसंस्थेत जातो. दारावर तिच्या नावाची पाटी. शिपाई विचारतो, ‘कोण आपण? काय काम होतं?’ त्या प्रश्नाला त्याच्याकडे पटकन उत्तर नाही. हा ट्रॅकचा सगळ्यांत जहरी सीन, आणि त्यात संचालक फ्रेममध्येही नको. आठव्यात स्फोट, तोही चुकीच्या जागी: भाऊबीज. भाऊ समोर पाटावर, ओवाळणीचं ताट, भाऊ पाकीट ठेवतो, आणि हा म्हणतो, ‘तिला आता ओवाळणीची काय गरज, तिला गाडीतून सोडणारे आहेत.’ तिन्ही गुपितं एका खोलीत. वटपौर्णिमा, मंगळागौर, पाडवा, भाऊबीज यांची तारीख धरून मागे मोजत ट्रॅक बांधायचा असतो. सणाला सगळी पात्रं एका सेटवर आणायला वेगळं कारण लागत नाही.

नवव्या-दहाव्यात बहुतेक मालिका घसरतात. आरोप झाला की लगेच खरं कळतं, तो पाय धरतो, ती माफ करते, पाऊस. मी म्हणतो, खरं कळल्यावर दोन आठवडे फक्त परिणाम दाखवा. ती आता उशीर होणार असला की फोटो काढून पाठवते: वसुलीचं घर, घड्याळ, रिक्षाची पावती. त्याने मागितलेलं नाही. फोनवर फोटो आला की त्याचा चेहरा. क्लोजअप, पण तो तीनदा झूम करून ढोल वाजवायचा प्रकार नको. अकराव्या-बाराव्यात मिटवा, आणि मिटण्यात दुकान असलं पाहिजे. दुकान तसंच पडून राहिलं तर संशय परत येणारच.

पुराव्याच्या वस्तूबद्दल दोन शब्द. पुरावा खरा असावा, अर्धा असावा. बनावट फोटो आला की पुढे तो बनवणारा लागतो, त्याचा हेतू लागतो, मग खलनायिका, मग तिची आई. खरा-अर्धा पुरावा स्वस्त पडतो. दाराआडून ऐकणं एका मालिकेत एकदा. फोनचं चार्जिंग संपणं त्याहून कमी. आज दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर न येणं कितीतरी जास्त टोचतं, आणि त्याला खर्च शून्य.

मग एवढं ठाऊक असून पडद्यावर भलतंच का येतं? दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी मालिका बघितली त्याचे, आकडे येतात. ट्रॅक वर गेला तर ‘अजून सहा आठवडे ओढा’, खाली गेला तर ‘याच आठवड्यात मिटवा’. बारा आठवड्यांचं कारण अठरा आठवडे ओढलं की झिजतं, मग अपघात, स्मृती जाणं, सारखी दिसणारी बहीण असल्या काठ्या लावाव्या लागतात. त्यात भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, नसते. आज लिहिलेला सीन परवा शूट होऊन त्याच आठवड्यात दिसतो. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कितीतरी मालिका गोवा, दमणकडे गेल्या. जी पात्रं तिकडे येऊ शकली त्यांच्यावरच गोष्ट चालवायची. अशा वेळी कुणाला कुणाचा संशय येणार हे हॉटेलच्या खोल्या ठरवतात.

एक सांगायचं राहिलं. वरचं सगळं गोष्टीपुरतं. ‘जळतो म्हणजे प्रेम करतो’ हे आपल्याच लोकांनी दहा-दहा मिनिटांच्या रोमँटिक सीनमध्ये पेरलंय, आणि मला ते अजिबात मान्य नाही. नायक तिचा फोन हिसकावतो आणि मागे बासरी वाजते, हे लिहायला मी नकार द्यावा असंच मानतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा नवरा रोज लोकलची वेळ विचारत असेल तर बारा आठवडे थांबू नका. तिथे पटकथेची कारणं शोधण्यापेक्षा दोघांनी समुपदेशकाकडे जावं, आणि भीती वाटत असेल तर तिने एकटीने.

राहता राहिली तुमची मालिका. हॉटेलात दिसलेली बाई कोण, हे अजून प्रेक्षकाला सांगितलेलं नसेल तर लेखकांचंही ठरलेलं नसण्याची शक्यता आहे. आकड्यांवर ती बहीण ठरेल किंवा प्रेयसी. नायिका गरोदर असल्याची बातमी आली तर अजून तीन महिने धरा. घरात एखादं बारसं किंवा साखरपुडा अचानक ठरला, सगळे नातेवाईक गावाहून आले आणि रविवारी एक तासाचा भाग जाहीर झाला, तर त्या दिवशी ती विचारेल. नाहीतर पाडव्यापर्यंत काही होत नाही.