मुंबईत मुक्काम कुठे करायचा

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. तीन लॉजचे फोटो, तिघांचे भाडे आणि खाली एकच ओळ, ‘मॅडम, यातलं कुठलं घेऊ?’ शिवाय डोंबिवलीचे काका आहेतच. फोटोत खोली दिसते, वस्ती दिसत नाही, म्हणून फोनवर न सांगता लिहायला बसले. दहा दिवस तू पहिल्यांदाच एकटी मुंबईत राहणार आहेस आणि ग्रंथसंग्रहालयातलं नि पुराभिलेखागारातलं, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहातलं, तुझ्या प्रबंधाचं काम त्या दहा दिवसांत उरकायचं आहे.

आधी तिसरा लॉज बाद कर. त्याच्या पत्त्यावर ‘नायगाव’ आहे म्हणून तुला तो ग्रंथसंग्रहालयाजवळचा वाटला. पण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे तो दादर पूर्वेच्या नायगावात. तू शोधलेला लॉज वसईच्या अलीकडच्या नायगाव स्टेशनजवळचा आहे, भाईंदरची खाडी ओलांडून पलीकडे. नाव एक, पण मधे सगळी उपनगरं. असाच घोळ एल्फिन्स्टनचा. पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, म्हणजे फोर्टातल्या काळाघोड्याला. पण एल्फिन्स्टन रोड नावाचं स्टेशन होतं परळला लागून. २०१८ पासून त्याचं नाव प्रभादेवी आहे. जुन्या माणसाला विचारलंस तर तो अजूनही तुला तिथे उतरवेल. मुंबईत पत्ता विचारताना नुसतं गावाचं नाव पुरत नाही. लाईन कुठली, स्टेशन कुठलं आणि पूर्व की पश्चिम, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. पूर्व-पश्चिम तर विसरूच नकोस. रुळांच्या चुकीच्या बाजूला खोली मिळाली तर सामान घेऊन रोज पूल चढायचा आणि उतरायचा.

आता काका. ते मायेनं बोलावतात आणि घरचं जेवण मिळेल म्हणून तुझी आईही तेच म्हणणार. पण हिशेब बघ. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर. फास्ट लोकलला तासाच्या वर जातो, आणि तो बसून जात नाही. सकाळी आठ-साडेआठला डोंबिवलीला गाडीत चढणं हे रोज जाणाऱ्या बायकांनाही सोपं नसतं. त्यांचे ग्रुप ठरलेले असतात, कुठल्या डब्यात कुठे उभं राहायचं ते ठाऊक असतं. तू त्या गर्दीतून साडेदहाला वाचनालयात पोचलीस, की पहिला तास नुसता श्वास घेण्यात जाईल. संध्याकाळी तेच उलट. रात्री नऊला पोचल्यावर काकू ताट वाढून वाट बघत असणार, मग गप्पा, आणि दिवसभराच्या नोंदी तशाच राहतील. काकांकडे रविवारी जा, दिवसभर राहा. फक्त आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी वाच, कारण मध्य रेल्वेचं दुरुस्तीचं काम बहुधा रविवारीच निघतं.

मग उरले दोन, फोर्ट आणि दादर पूर्व. नकाशा बघून कोणीही फोर्ट म्हणेल. काळाघोडा तिथे, एशियाटिक सोसायटी तिथे, सगळं चालत. मी पण असंच केलं होतं. १९९४ साली मी पहिल्यांदा पुराभिलेखागारात गेले, तेव्हा जवळ आणि स्वस्त म्हणून मशीद बंदरच्या बाजूला एका लॉजमध्ये उतरले. नकाशावर ते सीएसएमटीच्या पाठीशीच आहे. पण ती घाऊक बाजाराची पेठ. रात्री उशिरापर्यंत ट्रक रिकामे होत, हातगाड्या चालत, हमालांच्या हाका. तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी एका फाइलमधल्या पत्राचा क्रमांक मी चुकीचा उतरवला आणि ते गावी परतल्यावर लक्षात आलं. पुढे दोनदा जाऊनही ते पत्र मला सापडलं नाही. माझ्या प्रबंधात त्या जागी आजही अर्धवट तळटीप आहे. तुझ्या प्रबंधात तशी एकही नसावी, असं मला फार वाटतं.

खुद्द फोर्ट शांत असतो, पण तो कचेऱ्यांचा भाग. संध्याकाळी सातनंतर शटर पडतात, रस्ते रिकामे होतात, रविवारी तर जेवायला जागा शोधावी लागते. एकटीनं तिथे संध्याकाळ काढायची म्हणजे खोलीत बसून राहायचं. बजेट मोठं असतं तर मी मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं अतिथिगृह सुचवलं असतं. तुझ्या शिष्यवृत्तीत ते दहा दिवस बसणार नाही.

गिरगावही डोळ्यासमोर येऊन गेलं. मराठी वस्ती, पोटभर खायला मिळतं, चर्नी रोडहून चर्चगेट दोनच स्टेशनं आणि संध्याकाळी चौपाटी. फोर्टातलं काम जास्त असतं तर तुला तिथेच पाठवलं असतं. पण तू स्वतःच लिहिलंस, की सात दिवस ग्रंथसंग्रहालयात आणि तीनच दिवस काळाघोड्याला. जिथे सात दिवस, तिथे मुक्काम.

म्हणून दादर पूर्व घे. मध्य आणि पश्चिम या दोन्ही लाईन दादरला भेटतात. काळाघोड्याच्या तीन दिवसांत दादरहून सीएसएमटीची गाडी धर. दादरला अर्धी गाडी उतरते, त्यामुळे पुढे उभं राहायला तरी जागा होते. सीएसएमटीहून हुतात्मा चौकावरून चालत जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. आता भुयारी मेट्रोही थेट दादरहून हुतात्मा चौकापर्यंत जाते, पण तिचं दादर स्टेशन पश्चिमेला आहे, हे धरून निघ. आणि तिथे रिक्षा शोधत बसू नकोस. शीव आणि वांद्र्याच्या खाली रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी नाहीतर बस.

माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. तू गिरणी कामगारांच्या वृत्तपत्रांवर काम करतेस. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, त्यांचं ‘दीनबंधु’ पत्र, गिरणी कामगारांना १८९० साली मिळालेली रविवारची सुट्टी, हे सगळं तू कागदावर वाचणार. ज्या माणसांसाठी ते छापलं जात होतं, त्यांची वस्ती तुझ्या लॉजपासून चालण्याच्या अंतरावर आहे. ग्रंथसंग्रहालयातून बाहेर पडलीस की लगेच खोलीवर जाऊ नकोस. नायगावच्या बीडीडी चाळींकडे जा. सरकारनं १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी आता पाडून टॉवर उभे राहताहेत, तेव्हा जेवढ्या उभ्या असतील तेवढ्या बघून घे. एक दिवस आंबेडकर रस्त्यानं परळ, लालबागपर्यंत चाल. एका खोलीत किती माणसं राहत असतील, गिरणीची पाळी सुटल्यावर हा रस्ता कसा दिसत असेल, हे तुला तिथे उभं राहून उमगेल. १९८२ चा गिरणी संप ज्यांनी पाहिला अशी माणसं अजून तिथल्या ओट्यांवर बसलेली असतात. त्यांच्याशी बोल, पण आधी ऐकून घे, लगेच फोन काढून रेकॉर्डिंग सुरू करू नकोस.

तारखा तू २८ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर ठरवल्यास. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. त्या आठवड्यात दादरला खोली मिळणं मुश्किल, म्हणून आजच फोन कर. तारखा मात्र बदलू नकोस. त्या दिवसांत शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. दुकानात कधी न दिसणाऱ्या पुस्तिका आणि छोट्या प्रकाशनांची पुस्तकं तिथे मिळतात. त्यासाठी हजार रुपये बाजूला ठेव, कमी पडले तर माझ्याकडून घे.

लॉजवाल्याला विचारायचं ते असं. एकटी मुलगी मुक्कामाला ठेवता का? हे आधीच विचार, दारात सामान घेऊन उभं राहिल्यावर नको. हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? देवगिरी एक्सप्रेसनं सकाळीच पोचशील, बाराचा असेल तर आंघोळीची सोय विचारून घे. खोली रस्त्याच्या बाजूला की मागे? स्टेशनला लागून असलेली नको. गाड्यांचा आवाज पहाटेच सुरू होतो. हिंदू कॉलनीच्या बाजूला चार पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल. आणि स्टेशनपासून लॉजपर्यंतच्या रस्त्यावर रात्री नऊला दुकानं उघडी असतात का, हे लॉजवाल्याला विचारू नकोस. पहिल्याच संध्याकाळी स्वतः चालून बघ. मन धजावलं नाही तर दुसऱ्या दिवशी खोली बदल, आगाऊ भरलेल्या पैशांची फिकीर करू नकोस, ते मी बघेन.

विभागाचं ओळखपत्र आणि माझं शिफारसपत्र, दोन्हीच्या तीन-तीन प्रती घे. पत्र उद्या सही करून ठेवते, कॉलेजच्या ऑफिसमधून घेऊन जा. खोली पक्की झाली की लॉजचा पत्ता मला आणि आईला, दोघींना पाठव. आणि पहिल्या दिवशी कुठला अंक हातात आला ते त्याच रात्री कळव, कितीही उशीर झाला तरी. मी जागी असेन.

तुझी,
मॅडम