1910 च्या सुमारासचे रशियातले रंगीत फोटो खरे आहेत की नंतर रंगवलेले?

खरे आहेत. ते रशियन फोटोग्राफर प्रोकुदिन-गोर्स्कीने काढलेत, आणि त्यांच्यावरून माझा एका जाणत्या माणसाशी जोरदार वाद झालेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या फोटोग्राफी क्लबातले एक ज्येष्ठ सर्वांसमोर म्हणाले, "तेव्हा कलर फिल्मच नव्हती, म्हणजे हे कॉम्प्युटरवर रंगवलेत." कोडाक्रोम ही कोडॅकची कलर फिल्म 1935 ची, हे बरोबर. पण रंग टिपायला कलर फिल्म लागतेच असं कुठे आहे? लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचे, तसल्याच फिल्टरांतून पडद्यावर एकावर एक पाडायचे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लंडनमध्ये हे 1861 लाच दाखवलं होतं, आणि गोर्स्कीची पद्धतही हीच.

मी तेच करून दाखवायचं ठरवलं. ट्रायपॉडवर कॅमेरा, ब्लॅक अँड व्हाइट रोल, समोर दोरीवर वाळत घातलेले कपडे. फिल्टर बदलताना कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, आणि प्रत्येक फिल्टरला एक्स्पोजर वेगळं. रोल धुतला, निगेटिव्हवरून फिल्मवरच पॉझिटिव्ह, म्हणजे सरळ उजेड-सावलीच्या प्रती, काढल्या आणि क्लबात तीन प्रोजेक्टर मांडले. लाल आणि हिरवा लावला तोवर चादर पिवळी होती. निळा सुरू केला आणि चादर पांढरीशुभ्र झाली, टॉवेल लाल तो लालच. कॉम्प्युटरचा संबंध नाही!

वाऱ्याने हललेल्या एका बाहीला मात्र रंगीबेरंगी कडा आल्या होत्या. माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा हाच. गोर्स्कीचे तीन फोटो एकाच काचेवर, पण एकापाठोपाठ घेतलेले. मधल्या वेळात पाणी हललं, माणूस हलला, की तशाच कडा. रंगवणारा माणूस असल्या कडा कशाला काढत बसेल? ज्येष्ठांकडे उत्तर नव्हतं, तरी त्यांनी मान्य केलं नाही ते नाहीच.

1907 पासून तर ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट बाजारात होती. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण, एकाच प्लेटवर रंगीत चित्र.

हाताने रंगवलेले फोटोही त्या काळी भरपूर होते, त्यामुळे दिसेल तो जुना रंगीत फोटो खरा मानू नका. आणि गोर्स्कीच्या नेटवरच्या प्रती कॉम्प्युटरवर जुळवलेल्या आहेत, हेही खरं. पण जुळवणं म्हणजे रंगवणं नव्हे. मूळ काचांचे स्कॅन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. एखादा उतरवून घ्या, तीन भाग स्वतः जुळवा आणि "रंगवलेत" म्हणणाऱ्याला शेजारी बसवून दाखवा.