वाचकांचे प्रश्न : मनी प्लांटची वेल

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात काचेच्या बाटलीत मनी प्लांटची वेल लावलेली आहे. गेल्या आठवड्यात माझ्या दीड वर्षाच्या नातवाने तिचे पान तोडून चावले. तो लगेच किंचाळून रडू लागला, लाळ गळू लागली आणि ओठही थोडे सुजले. दोन-तीन तासांत तो पूर्ववत खेळू लागला, पण तेव्हापासून सूनबाई म्हणतात की ही विषारी वेल घरात नकोच. वेल खरोखर विषारी आहे का? (एक आजी, सातारा)

उत्तर : सूनबाईंची काळजी रास्त आहे, मात्र हे विष कोणत्या जातीचे आहे, ते समजून घेतले तर घाबरायचे किती आणि जपायचे किती, हे ठरवणे सोपे जाईल. मनी प्लांट ही अळू आणि सुरण यांच्याच कुळातील वनस्पती आहे. अळूचे फदफदे कच्चे राहिले की घशाला जी खाज सुटते आणि जिच्यासाठी आपण त्यात चिंच किंवा आमसूल न चुकता घालतो, त्या खाजेचे आणि आपल्या नातवाच्या रडण्याचे कारण एकच आहे. या कुळातील वनस्पतींच्या काही पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक काडेपेटीतील काड्यांप्रमाणे जुडीने रचलेले असतात. पान चावले की पेशी फुटते आणि या सुया ओठ, जीभ व गालाच्या आतल्या नाजूक त्वचेत शिरतात. आग होणे, लाळ गळणे, सूज येणे, गिळताना दुखणे ही सारी लक्षणे त्यातूनच उद्भवतात. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे त्रास बहुतेक वेळा जिथे स्पर्श झाला तिथेच राहतो. शिवाय तोंड तत्क्षणी पोळत असल्याने मूल दुसरा घास सहसा घेत नाही.

असे पुन्हा घडल्यास तोंडातील पानाचे तुकडे बोटाने हलकेच काढावेत, ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसावे आणि मूल नीट गिळत असेल तर गार पाणी किंवा गार दूध थोडे थोडे पाजावे. मुद्दाम उलटी करवू नये, कारण त्याच सुया परत घशातून वर येतात. जीभ किंवा घसा सुजत चालला, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास होऊ लागला किंवा मूल लाळही गिळेनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे आणि जाताना वेलीचे एक पान बरोबर न्यावे. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांना दाखवावे. मांजरे व कुत्री यांनाही ही वेल बाधते.

वेल फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. रांगत्या मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बाटली ठेवली, खाली लोंबणारे शेंडे छाटले आणि बाटलीतील पाणीही त्याच्या हाती लागू दिले नाही, तर पुरे. खरी धास्ती बाळगावी ती कळलावीची. पावसाळ्यात सातारच्या डोंगरउतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही आपली देशी वेल हौसेने बागेतही लावली जाते. पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन असते आणि त्याने माणूस दगावू शकतो. लहान मुलांच्या घरात तिला जागा नसावी.

प्रश्न : परसातील आंब्यावर काही वर्षांपूर्वी चढवलेली मनी प्लांटची वेल आता पार वरच्या फांद्यांत पोहोचली आहे. तिची पाने सुपाएवढी झाली असून त्यांना चिरा पडल्या आहेत. शेजारी म्हणतात, ही निराळीच वेल असून बांडगुळासारखा झाडाचा रस शोषते. हे खरे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : वेल तीच आहे. बाटलीत किंवा कुंडीत आपण पाहतो ते तिचे बाळरूप. मुळांना माती आणि खोडाला आधार मिळाला की ही वेल वीस मीटरपर्यंत चढते आणि तिचे एकेक पान एक मीटरपर्यंत लांब होऊन फाटू लागते. बांडगूळ झाडात मुळे रुतवून त्याचा रस घेते, तसे ही वेल करीत नाही. ती मुळांनी सालीला केवळ धरून राहते. तरीही आंब्याचे नुकसान होतेच, कारण फांद्यांवर वजन पडते आणि पालवीला ऊन कमी मिळते.

या वेलीचे मूळ घर प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधील मोरिया हे बेट. तिला पहिले शास्त्रीय नाव १८८० मध्ये मिळाले ते ‘पोथॉस ऑरियस’, आणि पुढे शास्त्रज्ञांनी ते बदलले तरी रोपवाटिकांत ‘पोथॉस’ हा शब्द टिकून राहिला. तिला आपोआप फूल जवळजवळ येतच नाही. फुलण्यास लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून पाखरांनी ती दूरवर पेरण्याचा प्रश्नच नाही. असे असूनही श्रीलंका, हवाई आणि फ्लोरिडा येथे तिची गणना आक्रमक वनस्पतींत होते, कारण प्रत्येक पेराला मुळे फुटतात आणि हे पेर माणूसच इकडून तिकडे नेतो. मनी प्लांट चोरून आणली तरच घरात पैसा येतो, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. पैशाचे काय होते ते ज्याचे त्याला ठाऊक, पण बी नसलेल्या वेलीला प्रवासासाठी याहून चांगले वाहन मिळाले नसते.

प्रश्न : छाटलेली वेल आम्ही ओढ्याकाठी टाकतो. त्याने काही बिघडते का? (एक वाचिका, वाई)

उत्तर : बिघडते. कासच्या उघड्या कातळावर, भर उन्हात ही वेल तग धरणे कठीण आहे. पण ओढ्याची सावली आणि ओल तिला हवीच असते, आणि पावसाळ्यात ओढ्याला आलेले पाणी रुजू शकणारे तुकडे कृष्णेपर्यंत नेऊ शकते. ताजी छाटणी खतखड्ड्यातही टाकू नये. शक्यतो चैत्र-वैशाखात छाटावी, हातमोजे घालावेत, कारण चिकाने कातडीला खाज सुटते, आणि सगळे तुकडे गच्चीवर पसरून मोडल्यावर कडकन तुटतील इतके वाळवावेत. मगच ते खतात घालावेत. मिरजेच्या वाचकांनाही हेच सांगणे आहे. बुंध्याशी वेल कापली म्हणून काम संपत नाही. वरचा भाग सालीवरच्या मुळांच्या जोरावर ओलसर हवेत जिवंत राहू शकतो, म्हणून तो खालून वर टप्प्याटप्प्याने सोडवून काढावा आणि जमिनीत रुजलेले पेर खणून घ्यावेत. पहिल्या वळवानंतर आणि पुन्हा आषाढात त्या जागी एकदा फेरी मारावी; राहून गेलेल्या पेराला फुटलेली कोवळी पाने तेव्हा दिसतात आणि मुळासकट सहज उपटून येतात.