दोन वेळा बॅटिंगला आलेला आउटफिल्डर

पत्र: आम्ही गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये सेंटर फील्डला खेळतो. क्लबांसाठी खेळाडू हेरणारे दोन स्काउट येऊन त्याचा खेळ बघून गेले. मेजर लीगचे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये नाव आलं तर शाळा संपताच करार करायचा, असं त्याने ठरवूनच टाकलंय. ह्यांचं म्हणणं, क्रिकेट असतं तरी एक वेळ समजलं असतं, हे काय खूळ? कॉम्प्युटर सायन्स कर. सध्या बापलेकांचं बोलणं बंद आहे आणि निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलंय. मी कोणाची बाजू घेऊ?

उत्तर:

ताई, ‘क्रिकेट असतं तरी’ वाचलं आणि हसू आलं. मी कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायचो. आमच्या वडिलांचंही अगदी हेच वाक्य असायचं, फक्त पुढे बँकेच्या परीक्षेचं नाव यायचं.

तुमच्या चिरंजीवांच्या डोळ्यांसमोर बहुधा बेसबॉलचा जपानी सुपरस्टार ओहतानी असणार आणि त्याच्या बाबांच्या डोळ्यांसमोर बेकार मुलगा. मला या दोघांच्या मधला एक माणूस तुमच्या जेवणाच्या टेबलावर आणून बसवायचाय. त्याचं नाव अ‍ॅडम ग्रीनबर्ग. तुमच्या जवळच्याच कनेक्टिकटचा. डावखुरा बॅटर आणि तुमच्या मुलासारखाच आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला फील्डर. शाळेनंतर तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेला, तिथे तीन वर्षं खेळला आणि 2002 च्या ड्राफ्टमध्ये शिकागो कब्जने त्याला नवव्या फेरीत घेतलं. नववी फेरी म्हणजे गुणी मुलगा खरा, पण डोक्यावर घेऊन नाचावं असा नाही. तुमच्या मुलाचं नाव लागलंच, तर ते अशाच कुठल्या तरी फेरीत लागण्याची शक्यता जास्त. हल्ली ड्राफ्टच्या फेऱ्याही 20 च उरल्यात.

पुढची तीन वर्षं तो मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या संघांत, एकेक पायरी चढत राहिला. जुलै 2005 मध्ये डबल-ए संघात (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) असताना वरून बोलावणं आलं. 9 जुलैला फ्लोरिडात मार्लिन्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये त्याला पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला, पाठवलं. वय 24. समोर पिचर वालेरिओ दे लोस सांतोस, तोही डावखुरा. पहिलाच चेंडू, ताशी 92 मैलांचा, सुटला तो थेट डोक्याच्या मागच्या बाजूला, हेल्मेटखाली लागला. हेल्मेट उडालं आणि ग्रीनबर्ग दोन्ही हातांनी डोकं धरून खाली पडला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला चक्कर यायची, नजर स्थिर राहायची नाही. उंच उडालेल्या चेंडूखाली पळताना ज्याची नजर हलते, तो आउटफिल्डला काय करणार!

कब्जने पुढे त्याला सोडलं. मग दुसऱ्या क्लबांचे मायनर संघ, तिथून अटलांटिक लीगमधला ब्रिजपोर्ट ब्लूफिश. तेव्हा ही मेजर लीगशी संबंध नसलेली स्वतंत्र लीग होती, पगार बेताचा. 2011 मध्ये तिथे एके दिवशी समोर कोण उभा? तोच दे लोस सांतोस. ग्रीनबर्गने त्याला सिंगल मारली, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. मला त्याच्या सगळ्या गोष्टीत हाच प्रसंग जास्त आवडतो, पण मेजर लीगच्या नोंदीत तो कुठेच नाही.

चाहत्यांनी मोहीम चालवल्यावर 2 ऑक्टोबर 2012 रोजी मार्लिन्सने त्याला एका दिवसाचा करार दिला. समोर मेट्सचा पिचर आर. ए. डिकी, त्याचे हवेत हेलकावे खाणारे तीन नकलबॉल, आणि ग्रीनबर्ग आउट. त्या दिवसाचा पगार त्याने डोक्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या संस्थेला दिला. मेजर लीगमध्ये एकूण दोनदा बॅटिंग. बॅटिंग सरासरी शून्य, पण पहिल्या वेळी चेंडू लागून बेस मिळाल्यामुळे ऑन-बेसचा आकडा .500, म्हणजे दोनांतून एकदा बेसवर! आणि नाव आउटफिल्डर असलं तरी मेजर लीगच्या आउटफिल्डमध्ये हा माणूस एकदाही उभा राहिला नाही. पुढे त्याने आरोग्यपूरक उत्पादनांचा व्यवसाय केला, कनेक्टिकटमध्ये स्टेट सिनेटची निवडणूक लढवली, हरला.

आता तुम्ही म्हणाल, ही गोष्ट तर ह्यांच्याच बाजूची झाली. तशी ती नाही. बाबांना सांगा, हा माणूस उपाशी मेला नाही, आणि व्यावसायिक खेळाची जवळजवळ दहा वर्षं त्याने मनासारखी काढली. मुलाला सांगा, चेंडू लागला नसता तरी नवव्या फेरीच्या आउटफिल्डरची वाट हीच, तीन वर्षं बसप्रवासाची. पैशांचं बोलायचं तर 2023 च्या करारानुसार त्या वर्षी किमान पगार सिंगल-ए ला 26,200 डॉलर, डबल-ए ला 30,250 आणि ट्रिपल-ए ला 35,800 झाला. आधी डबल-ए ला 13,800 होता, म्हणजे आता बरीच सुधारणा आहे. राहण्याची सोयही आता बहुतेकांना क्लबच करतो. तरी न्यू जर्सीत या पैशांत काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझं मत विचाराल तर आधी कॉलेज. त्याला एक गोष्ट मात्र नीट समजावून सांगा: चार वर्षांच्या कॉलेजात गेला, की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा 21 वर्षांचा होईपर्यंत तो ड्राफ्टमध्ये येऊ शकत नाही. तिथल्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला गेला तर हे बंधन नाही. आणि शाळेतून थेट करार केला, तर कॉलेजचा बेसबॉल सहसा कायमचा सुटतो. माझं मत बदलेल ते एकाच कारणाने: साइनिंग बोनस, म्हणजे सही करताना मिळणारी रक्कम, कॉलेजच्या चार वर्षांच्या खर्चापेक्षा बराच मोठा असेल, आणि शिवाय क्लब पुढच्या शिक्षणाचा खर्च करारातच लिहून द्यायला तयार असेल तर. असं कलम मागता येतं. तोंडी आश्वासनावर मुलाची सही होऊ देऊ नका. स्काउट स्वभावाने गोडच बोलतात, कामच आहे त्यांचं.

कॉम्प्युटर सायन्सचा आग्रह बाबांनी जरा सैल करावा. सकाळी वेट रूम, दुपारी सराव आणि शनिवार-रविवार बाहेरगावी सामने, अशा वेळापत्रकात त्याला कुठला विषय झेपेल हे त्यालाच कोचशी बोलून ठरवू द्या. किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र असेल, स्टॅटिस्टिक्स असेल. हल्ली प्रत्येक क्लबात आकडेमोड करणारी मुलं बसलेली असतात, हे बाबांच्या कानावर घाला. ते जरा नरमतील असा माझा अंदाज.

निरोप पोचवणं मात्र आजपासून बंद करा. दोघांना एका शनिवारी सामन्याला पाठवा, बाबांच्या हातात स्टॉपवॉच द्या. आउटफिल्डर बघताना स्काउट साठ यार्डांची धाव घड्याळ लावून मोजतात, ती त्यांनी मोजावी. पुढच्या पत्रात मला दोन आकडे हवेत: ती वेळ आणि त्याचा जीपीए, म्हणजे अभ्यासातली सरासरी.