त्या सिनेमात ती नेमकी कुठे रडली?

समोर बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक पातळसं इंग्रजी पुस्तक काढलं आणि पुरावा मांडावा तसं माझ्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे वाचून आणि याचा सिनेमा बघून आमची ही तीन आठवडे रडतेय. सारखी नाही, पण मधूनच. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना. लग्नाला ३२ वर्षं झाली आमच्या. तुम्ही मला एवढंच सांगा, तिच्या आयुष्यात कुणी होतं का?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या कॉलनीत सगळे त्यांना साहेब म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. त्यांच्या पत्नीला ताई म्हणते. दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. कधी नवरा विचारतो, कधी मुलगी आईबद्दल विचारते, कधी बायको स्वतःबद्दलच घाबरून विचारते: एखाद्या प्रेमकथेनं माणूस इतकं हलत असेल, तर घरात काहीतरी कमी आहे असं समजायचं का?

पुस्तक होतं रॉबर्ट जेम्स वॉलर यांचं 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी'. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली गोष्ट. १९६५ चा ऑगस्ट. फ्रान्सेस्का ही ४५ वर्षांची शेतकऱ्याची बायको. मूळची इटलीची, युद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आलेली. नवरा आणि दोन्ही मुलं जनावरांच्या प्रदर्शनासाठी शेजारच्या राज्यातल्या जत्रेला गेलेली असतात. तिथले छप्पर असलेले जुने लाकडी पूल टिपायला आलेला ५२ वर्षांचा छायाचित्रकार, रॉबर्ट किंकेड, तिच्या दारात रस्ता विचारायला थांबतो. चार दिवस ते एकत्र असतात. तो तिला सोबत चल म्हणतो, ती संसार सोडत नाही. पुढे दोघं कधीच भेटत नाहीत. तिच्या मृत्यूनंतर मुलांना हे सारं तिच्या लिखाणातून कळतं. १९९२ साली आलेलं हे पुस्तक समीक्षकांनी धोपटलं आणि वाचकांनी डोक्यावर घेतलं. १९९५ साली क्लिंट ईस्टवुड यांनी त्यावर सिनेमा केला, किंकेडही तेच झाले. फ्रान्सेस्का झाल्या मेरिल स्ट्रीप, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

ताईंच्या कॉलनीत बायकांचा एक वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक, चहा आणि चर्चा. त्या महिन्यात हे पुस्तक होतं आणि चर्चेनंतर एकीच्या घरी सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहिला. साहेबांच्या सांगण्यानुसार तिथे जवळजवळ भांडणच झालं. एक बाई म्हणाल्या, चार दिवसांत कुणाचंही प्रेम सुंदरच दिसतं, त्याला वर्षभर घर चालवायला लावा मग बघू. दुसऱ्या म्हणाल्या, नवऱ्याला काही न सांगता पुढे इतकी वर्षं त्याचंच जेवण वाढायचं, हे कसलं मोठेपण? तिसऱ्या पार विरघळून गेल्या होत्या. ताई काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्या आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडल्या.

साहेबांनी मग गुपचूप ते पुस्तक वाचून काढलं. एक माणूस आपल्या बायकोला समजून घेण्यासाठी रात्री एक-एक वाजेपर्यंत अवघड वाटणारं इंग्रजी पुस्तक वाचतो, हेच मला फार मोलाचं वाटलं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांचं मत मात्र स्पष्ट होतं. "हा माणूस काय स्वतःला ससाणा म्हणतो, हमरस्ता म्हणतो! असं कोण बोलतं हो?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. किंकेडची ती लांबलचक, कवितेसारखी वाक्यं अनेक वाचकांना जड जातात. सिनेमात त्यांना बरीच कात्री लागली आहे, त्यामुळे पुस्तक न आवडलेल्या कित्येकांना सिनेमा आवडतो. पण साहेबांची अडचण भाषेची नव्हतीच. त्या गोष्टीतल्या नवऱ्याच्या जागी ते स्वतःला बसवून वाचत होते. तो नवरा, रिचर्ड, भला माणूस आहे, कष्टाळू आहे, आणि कथेत तो बहुतेक वेळ घराबाहेर आहे. हे सगळं साहेबांना स्वतःचंच वर्णन वाटलं.

मी ताईंना एकट्यांना भेटायला बोलावलं. आधी जे विचारायचं ते विचारलं: झोप कशी आहे, भूक आहे का, आवडीच्या गोष्टीत मन लागतं का, जगणं नको वाटतं का. हे मी कधीच टाळत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खचलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर तिथे पुस्तकावर गप्पा मारत बसायचं नसतं, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं असतं. ताईंचं तसं नव्हतं. त्या झोपत होत्या, जेवत होत्या, वाचनकट्ट्यावर जात होत्या. रडू यायचं ते अचानक, आणि पाच-दहा मिनिटांत ओसरायचं.

आणि मग माझी चूक झाली. हा सिनेमा मी पाहिला आहे आणि त्यात मीही रडले आहे. शेवटाकडे पावसात फ्रान्सेस्का नवऱ्याच्या गाडीत बसलेली असते, पुढच्या गाडीत किंकेड असतो, आणि तिचा हात दाराच्या मुठीवर घट्ट आवळलेला असतो. उतरायचं की नाही, ते त्या मुठीवर ठरणार असतं. तो प्रसंग माझ्या मनात इतका पक्का बसला होता, की ताईही तिथेच रडल्या असणार असं मी धरून चालले. म्हणून त्यांना विचारलं, "एखादा निर्णय घ्यायचा राहून गेला, असं वाटतं का तुम्हाला?" ताईंनी थोडा विचार केला आणि सौजन्यानं म्हणाल्या, "असेल कदाचित." तासभर आम्ही त्याच वाटेनं चाललो आणि कुठेच पोचलो नाही. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना एका पुरुषाच्या आठवणीत बसवलं होतं, मी एका अधुऱ्या निर्णयात. त्या कुठे होत्या, ते दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी ते विचारलं. "ताई, का रडलात ते राहू दे. सिनेमा चालू असताना पहिलं पाणी नेमकं कुठे आलं?"

त्या लगेच म्हणाल्या, "अगदी सुरुवातीलाच. गाडीत. ती त्याला गावाचं नाव सांगते तिथे."

प्रसंग असा आहे. फ्रान्सेस्का किंकेडला पूल दाखवायला त्याच्या गाडीतून निघते. तो विचारतो, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती म्हणते इटलीच्या, आणि पुढे, कुणी नावही ऐकलं नसेल असं गाव आहे, बारी. तो म्हणतो, बारी? मी गेलोय तिथे. आगगाडीनं दुसरीकडे जात होतो, गाव छान दिसलं म्हणून उतरलो आणि काही दिवस राहिलो. ती त्याच्याकडे बघतच राहते. पुस्तकात ती नेपल्सची आहे, आणि नेपल्स कुणाला माहीत नसतं? ताईंनी हा फरक हेरला होता. "पुस्तक वाचून मला रडू नव्हतं आलं," त्या म्हणाल्या. "पण आपल्या गावाचं नाव घेतल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख दिसणं... मला ते सहनच झालं नाही."

ताई गोव्याच्या, फोंडा तालुक्यातल्या. लग्न होऊन नाशिकला आल्या. शिक्षण मराठी शाळेतलं, त्यामुळे सासरी भाषेची काही अडचण आली नाही, आणि नेमक्या त्याच कारणानं त्यांची भाषा बदलली आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात त्या कोकणी बोलायच्या. सुरुवातीला त्यांच्या बोलण्याच्या हेलाला सासरी प्रेमानंच हसायचे, मग त्यांनी तो हेलही सोडला. कोकणी उरली फक्त फोनवर. आई रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला: "आज कितें रांदलें गो?" आज काय रांधलंस? ३२ वर्षांत तो प्रश्न बदलला नाही. चौदा महिन्यांपूर्वी आई गेली.

आई गेल्याचं दुःख सगळ्यांनी ओळखलं होतं. दिवस झाले, पाहुणे येऊन गेले, साहेबांनी गोव्याच्या सगळ्या फेऱ्या स्वतः केल्या. आईबरोबर एक भाषा घरातून निघून गेली, हे मात्र ताईंनाही कळलं नव्हतं. कणीक मळताना का रडू येतं, हे विचारायची आता गरज नव्हती. कणीक मळायची वेळ साडेसातची.

मी विचारलं, "साहेबांना गाव माहीत नाही का?"

"माहीत आहे ना. दर दोन वर्षांनी कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जातो. माझी शाळा त्यांनी पाहिलेली नाही. मी दाखवलीच नाही म्हणा."

हे शेवटचं वाक्य त्या जे प्रामाणिकपणे बोलल्या, त्यामुळे पुढचं काम सोपं झालं. साहेब वाईट होते म्हणून हे घडलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, यांनी सांगितलं नव्हतं, आणि त्यातच मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, घराचं कर्ज अशी ३२ वर्षं गेली होती.

एकत्र भेटीला त्यांची मुलगीही आली. बंगळुरूला नोकरी करते, सुट्टीला घरी आली होती. तिनंही सिनेमा पाहिला होता आणि ती फ्रान्सेस्कावर चिडली होती. "जिवंतपणी सांगायची हिंमत नाही, मग मेल्यावर मुलांच्या डोक्यावर कशाला टाकायचं?" तिचा राग मला खरा वाटला. आईचं एक आयुष्य आपल्याला माहीतच नव्हतं, या कल्पनेनं मुलं हादरतात. सिनेमा करताना ही गोष्ट जाणून घेतली आहे असं मला वाटतं, कारण त्यात ती दोन मुलंच आईचं लिखाण वाचत बसलेली दाखवली आहेत. मुलगा संतापतो. मुलगी वाचत राहते. आई एक, कागद तेच, आणि दोघं दोन टोकांना. वाचून झाल्यावर तो मुलगा बायकोकडे जातो आणि तू माझ्याबरोबर सुखी आहेस का, असं विचारतो.

(माझ्याकडे येणारे एक विधुर आजोबा याच सिनेमाबद्दल म्हणाले होते की त्यांना फक्त रिचर्डचा शेवट आठवतो. मरणाच्या दारात तो बायकोला म्हणतो की तुझीही काही स्वप्नं होती हे मला ठाऊक आहे, ती मी देऊ शकलो नाही. आजोबांना ते बायकोशी बोलायचं राहून गेलं होतं.)

साहेबांना ताईंनी माझ्यासमोरच बारीचा प्रसंग सांगितला. आईचा फोन, साडेसातची वेळ, सगळं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कुणी नव्हतं." आवाजात सुटका होती. दुसऱ्याच क्षणी चेहरा उतरला. "पण मग मी इतकी वर्षं..." आणि थांबले.

कुणी नव्हतं, या उत्तरावर मी त्यांना थांबू दिलं नाही. खरं सांगायचं तर कधीकधी कुणी असतंही. कधी एखादं जुनं नाव निघतं, कधी आत्ताच्या संसारातली खरीखुरी उपेक्षा निघते, आणि तेव्हा कामाची दिशा वेगळी होते. पण ते कळतं ते 'कुठे' या प्रश्नाच्या उत्तरातून. 'का' विचारलं की माणूस सफाई द्यायला लागतो, आणि नवऱ्यानं विचारलेला 'का' तर आरोपच वाटतो. मी साहेबांना काम दिलं ते अगदी लहान: आठवड्यातून दोनदा ताईंना त्यांच्या गावाबद्दल एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा. उत्तर ऐकायचं, त्यावर सल्ला द्यायचा नाही. ताईंना सांगितलं, मावसबहिणीला फोन लावा, कोकणीतच बोला, घरातल्यांना कळलं नाही तरी चालेल.

पहिल्याच रात्री साहेबांनी विचारलं, शाळेच्या वाटेवर काय काय होतं? ताई साडेअकरापर्यंत बोलत होत्या. वाटेवरच्या ओंवळाच्या झाडाबद्दल, म्हणजे आपल्या बकुळीबद्दल. पहाटे पडलेली ओंवळां वेचून ती शाळेत नेण्याबद्दल. साहेबांचा मध्येच डोळा लागला. ताई मला हे तक्रारीच्या सुरात सांगत होत्या, पण हसत होत्या. मुलीनं फ्रान्सेस्काला अजून माफ केलेलं नाही. साहेबांनी सिनेमा अर्धाच पाहिला आणि त्यांना तो संथ वाटला. त्यांना तो आवडायलाच हवा असं ताईंनाही वाटत नाही.

मे महिन्यात दोघं फोंड्याला जाऊन आले आणि येताना मला भेटायला थांबले. या वेळी देवळाच्या आधी शाळा. इमारत नवी झाली होती, वाट रुंद झाली होती, झाड नव्हतं. ताई तिथे रस्त्याच्या कडेला उभ्या राहून रडल्या.

"मी काही विचारलं नाही," साहेब मला सांगत होते. "नुसता शेजारी उभा राहिलो. बरोबर केलं ना मॅडम?"

मी बोलायच्या आधीच ताई त्यांच्याकडे वळल्या. "अहो, विचारायचं होतंत की."